चांदणीचा अंगठा आणि आमचे उस्ताद

चहा हातात घेतलाय ना? मग आधी दोन घोट घेऊन टाका. पुढचं ऐकताना चहा नाकात जातो, मागच्या वेळी आमच्या मेव्हण्याचा पांढरा शर्ट त्यातच गेला. आयुष्यात फजित्या माझ्या बऱ्याच झाल्या. पण बारामतीपासून इंदापूरपर्यंत पेट्रोल जाळून, डोळ्याला भिंग लावून, स्वतःला मोठा शहाणा समजत करून घेतलेली फजिती ही एकच, आणि ती मी अजून कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

तर मी दत्ता. बारामतीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती टेम्पोत टाकून माझ्याकडे आणतो आणि मी तिच्या पोटात नवीन तांब्याची तार भरून देतो. दिवसभर त्या बारीक तारेशी खेळून झालं की संध्याकाळी माणूस काय करतो? टीव्ही बघतो. मी नाणी बघतो.

नाणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच शिवराई आणि मोहरा आल्या असतील. तसलं काही नाही. मला हौस आपल्या खिशातल्या चालू नाण्यांची. रुपयावर साल छापलेलं असतं, त्याच्या खाली बारीक खूण असते, ती कधी पाहिलीत? टिंब असतं, चौकट असते, चांदणी असते, कधी काहीच नसतं. त्यावरून तो रुपया कुठल्या टाकसाळीत पडला ते कळतं. प्रत्येक सालाचा, प्रत्येक टाकसाळीचा एकेक रुपया जमवायचा, अल्बमच्या खणात घालायचा आणि बायकोच्या शिव्या खायच्या, एवढाच हा छंद.

माझा रुपयाचा अल्बम भरत आला होता. खण राहिला होता एकच. मूठ वळून अंगठा वर केलेला हात असतो ना, तो रुपया. त्यातल्या एका सालाचा, चांदणीवाला. चांदणीचा अंगठा. तसा तो काही कोहिनूर नव्हे. मोबाईलवर बोट टेकवलं की घरपोच येतो. पण माझा एक नियम होता: नाणं विकत घ्यायचं नाही. सापडलं पाहिजे. विकत घेऊन अल्बम भरायचा तर मग माणसानं आंबेही झाडावर का चढून काढावेत?

आता हा नियम माझ्यापुरता ठेवला असता तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता, किस्सा नसता मिळाला. मी तो नको तिथं बोलून बसलो.

आमच्या मनीषाच्या लग्नाची बोलणी चालली होती, इंदापूरला. तिचे सासरे विठ्ठलराव, म्हणजे आता माझे व्याही, डाळिंबाचे बागायतदार. मोठा दिलदार माणूस, मिशी पांढरी, बोलणं कमी. आणि योगायोग बघा, त्यांनाही नाण्यांचा नाद. बाकीची मंडळी मानपान, टोप्या, साड्या यावर घसा कोरडा करत होती आणि आम्ही दोघं कोपऱ्यात अल्बम उघडून बसलो होतो. पानं उलटता उलटता विठ्ठलरावांचं बोट त्या रिकाम्या खणावर थांबलं.

"एवढाच मोकळा?" त्यांनी विचारलं.

सगळी बैठक तेवढ्यात आमच्याकडे बघायला लागली. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी छाती काढून म्हणालो, "विकत घेनार न्हाय, विठ्ठलराव. हुडकून लावीन. पहिल्या नातवाच्या जावळाला हा अल्बम भरलेला आनीन आनी त्याच्या हातात दीन."

"बघू की," ते मिशीत हसले.

बायकोनं माझ्याकडे कसं पाहिलं, ते तुम्हाला सांगत नाही.

झालं. त्या दिवसापासून मी चांदणीच्या मागे लागलो. बँकेत शंभर नाण्यांची प्लास्टिकची थैली मिळते. नोटा मागणाऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं, पण नाणी मागणाऱ्याला कॅशियर बसायला खुर्ची देतात, इतकी ती त्यांना नकोशी असतात. थैल्या आणायच्या, घरी ओतायच्या, बघायच्या आणि नको ती नाणी दुसऱ्या शाखेत भरायची. दुसऱ्याच. जिथून आणली तिथंच परत दिली तर पुढच्या वेळी तीच आपल्या गळ्यात पडतात. काही मी गिऱ्हाइकांनाही सुटे म्हणून खपवत असे. कऱ्हाटीचे एक तात्या तर ओंजळभर रुपये हातात पडल्यावर म्हणाले, "दत्ता, म्या मोटर न्यायला आलोय, देवाला चाललो न्हाय."

पण विकत आणलेल्या मोटरीत जुनी तार आहे का नवी, हे जसं मला बघताक्षणी कळतं, तसंच हळूहळू थैलीचंही कळायला लागलं. थैली अस्पर्श आहे की कुणी आधी बघून, हवं ते उचलून परत भरलीय? याचं एक शास्त्रच मी तयार केलं. मला वाटतं, या तालुक्यात या विषयावर अधिकारानं बोलणारा मीच.

पहिली खूण थैलीच्या तोंडाची. मशीनची चिकटवण पट्टीसारखी सरळ असते. मेणबत्तीवर, करवतीच्या पात्याच्या कडेनं चिकटवलेली असेल तर ती नागमोडी जाते आणि कडेला काजळी असते. नागमोडी दिसली की समजायचं, आत हात गेलेला आहे. दुसरी खूण बोटांची. बाजारातून थेट आलेली नाणी हाताळली की बोटं काळी होतात. कुणी आधी हाताळली असतील तर काळी त्याची बोटं झालेली असतात, आपली स्वच्छच राहतात. आणि तिसरी खूण सगळ्यांत पक्की: खऱ्या थैलीत आठवडी बाजारासारखी गर्दी असते, जुनी, नवी, चकचकीत, ठेचलेली, सगळी एकत्र. बघून ठेवलेल्या थैलीत उरतात ती फक्त रडकी नाणी.

आणि मला मिळायला लागली ती सगळी रडकी.

सुरुवातीला वाटलं, नशीब. मग बारामतीच्या आणखी एका शाखेतून आणली. तोंड नागमोडी, आत एकही नाणं उजळ नाही. लासुर्ण्याला एका बागायतदाराची मोटर बसवायला गेलो होतो, तिथल्या बँकेतून आणली. तेच. इंदापूरला लेकीला भेटायला गेलो, तिथून आणली. तेच. अंगठे होते, पण सगळे झिजलेले, आणि चांदणीचा तर एकही नाही. कुणीतरी माझ्यापुढे चाललं होतं. मी जिथं जाईन तिथं तो आधीच पोचून, हवं ते नेमकं उचलून, थैलीचं तोंड पुन्हा नीट चिकटवून निघून गेलेला असायचा.

राग आला का? पहिले दोन आठवडे आला. पण खरं सांगू, नंतर मला त्या माणसाचं कौतुक वाटायला लागलं. काय नजर असेल! एकदाही त्याच्या नजरेतून चांगलं नाणं सुटलेलं मी पाहिलं नाही. आपण दोन तास भिंगाखाली डोळे फोडून जे करतो ते हा दोन-दोन तालुक्यांत करतोय, आणि शिवाय कुठं गाजावाजा नाही. मी मनातल्या मनात त्याला उस्ताद म्हणायला लागलो.

उस्तादांचा मी अभ्यास सुरू केला. काही रुपयांच्या पाठीला वाळलेला डिंक असायचा, आणि त्या डिंकाला लाल नाहीतर सोनेरी कागदाचा कपटा. मी निष्कर्ष काढला की उस्ताद नाणी आधी उंची कागदावर चिकटवून बघतात, पसंत पडली नाहीत तर सोडवून परत करतात. काय ती रसिकता. आम्ही आपली वर्तमानपत्रावर ओतणारी माणसं.

कधी एखाद्या रुपयाला हळद लागलेली, कधी कुंकू. मी म्हटलं, माणूस धार्मिक आहे. नाण्याची पूजा करून मग हात लावतो.

आणखी ऐका. लग्नसराईत थैल्या अगदी धुऊन नेल्यासारख्या. पावसाळ्यात जरा बऱ्या. मी यावर बराच विचार केला. उन्हाळ्यात मोकळा वेळ कुणाला असतो? प्राध्यापकाला. सुट्टी असते. म्हणजे उस्ताद प्राध्यापक, बहुतेक इतिहासाचे, सोनेरी काडीचा चष्मा, घरात पुस्तकांची कपाटं. मला तर त्यांचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला होता. तुम्हाला आता आतल्या आत हसू येतंय ते मला दिसतंय. पण मला तेव्हा नाही आलं हो हसू.

इकडे विठ्ठलरावांचं मध्येच काय व्हायचं बघा. लग्न झालं आणि चार दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आमच्याकडं एक चांदणीचा अंगठा आलाय बरं का." आवाजात काहीतरी वेगळंच मार्दव होतं. मला वाटलं, चिडवतायत. दिवाळसण झाला, पुन्हा फोन: "आनखी एक आला." अधिकमासात जावयाला वाण दिलं, पुन्हा: "अजून एक. लई भारी हाय." त्या माणसाकडे चांदण्यांचा पाऊस पडत होता आणि माझा खण कोरडा. रात्रीची झोप लागेना.

त्यात मनीषाला मुलगा झाला. आनंद तर झालाच, पण त्याच क्षणी रिकामा खणही आठवला. जावळ जवळ आलं म्हणायचं.

मग मी ठरवलं, उस्तादांनाच शरण जायचं. पण गाठायचं कसं? कॅशियरना विचारलं तर ते म्हणाले, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आम्ही सांगत नाही, पण तुमच्यासारखंच एक आहे, नाण्यांना कधी नाही म्हणत नाही. एवढ्यावर मी समाधान मानलं आणि एक युक्ती काढली. माझ्याकडे चौकटीचा एक जादा अंगठा होता, आरशासारखा लखलखीत. त्याला मी माझ्या दुकानातली बारीक तांब्याची तार आडवी-उभी गुंडाळली आणि वर आमच्या धंद्यातली गाठ मारली. ही गाठ रिवायंडिंगवाल्याशिवाय कुणाला येत नाही. तो रुपया एका थैलीत घातला, मेणबत्तीवर तोंड चिकटवलं, मुद्दाम नागमोडी, म्हणजे उस्तादांना ओळखीचं वाटावं, आणि बँकेत भरला. एका शिष्याचा गुरूला नमस्कार. उस्ताद बघतील, तार ओळखतील, तार म्हणजे रिवायंडिंगवाला हे ताडतील आणि एक दिवस दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहतील. मी दुकानात एक चांगली खुर्चीसुद्धा आणून ठेवली.

खुर्चीत कुणी आलं नाही. नाही म्हणायला समोरच्या मुमताजभाभी आल्या होत्या एकदा. त्यांचं समोरच जनरल स्टोअर आहे, बांगड्या, रिबिनी, रुमाल, आहेराची पाकिटं असलं सगळं. तारेचे जळके तुकडे आहेत का म्हणाल्या. मी म्हटलं, घ्या हवे तेवढे. कशाला हवेत हे विचारायला मला वेळ कुठं होता? मी उस्तादांची वाट बघत होतो.

जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो. बायको, म्हणजे शोभा, दुसऱ्या दिवशीची तयारी करत बसली होती. बाळाची टोपी, विहीणबाईंची साडी, आणि शेजारी आहेराची पाकिटं. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे आहेर कधी पुऱ्या आकड्याचा देत नाहीत, वर एक रुपया लागतोच. म्हणून हल्ली पाकिटावरच एक रुपया चिकटवून येतो. लाल पाकीट, सोनेरी नक्षी, मध्ये रुपया.

वरच्या पाकिटावरच्या रुपयाला तांब्याची तार गुंडाळलेली होती. आडवी-उभी. वर माझी गाठ.

घास हातातच राहिला. शोभाला विचारलं, हे कुठनं आणलं. ती म्हणाली, नेहमीच्याच ठिकाणाहून, मुमताजभाभीकडनं, तारेची फॅशन नवीन आलीय. मी तसाच उष्ट्या हातानं उठलो.

भाभी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. पुढ्यात परातभर रुपये, एका बाजूला डिंकाची वाटी, दुसऱ्या बाजूला मेणबत्ती आणि करवतीचं पातं. त्यांची दोन बोटं परातीत फिरत होती आणि नाणं उचलून बाजूला पडत होतं. भिंग नाही, चष्मा नाही. एक नजर, की पडलं नाणं. दोन वर्षं मी ज्यांना मनातून नमस्कार करत होतो, ते उस्ताद माझ्या दुकानासमोर बसून टीव्हीवरची मालिका ऐकत अंगठे वेचत होते. खरं सांगतो, सोनेरी चष्मा नसला तरी माझा आदर तसूभर कमी झाला नाही. हात जोडावेसे वाटले. जोडता आले नाहीत, कारण एक उष्टा होता.

मी विचारलं, एवढ्या भराभर कसं कळतं तुम्हाला?

"त्यात काय कळायचंय? देखनं कुठलं आनी भकास कुठलं, एवढं दिसत न्हाय व्हय?" भाभी हात न थांबवता म्हणाल्या. "सून पसंत करताना काय भिंग लावत्यात का, दत्ताभाऊ?"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. दीर टेम्पोतून लासुर्णे, इंदापूर, कऱ्हाटी, मोरगावपर्यंत पाकिटं पोचवतो, येताना तिथल्या बँकांतून रुपये आणतो. चकचकीत निवडायचे, उरलेले थैलीत भरून परत. लग्नसराईत धंदा जोरात, पावसाळ्यात थंडा. लोक पाकिटावरचा रुपया सोडवून खर्च करतात, देवाला वाहतात, म्हणून डिंक आणि हळदकुंकू. माझा इतिहासाचा प्राध्यापक माझ्या डोळ्यांदेखत विरघळून गेला. तारेच्या रुपयाबद्दल म्हणाल्या, कुठल्यातरी येड्यानं थैलीत घातला होता, पण दिसायला झकास, म्हणून तसलीच पाकिटं करायला घेतली. तार तर तुमच्याकडचीच. मी म्हटलं, हो का.

"आनी भाभी, चांदणीचा अंगठा?" मी परातीकडे बघत विचारलं.

"त्यो भारीतल्या पाकिटाला. अंगठा लोकांना लई आवडतो, समदं झकास हाय म्हनून. त्यात खाली चांदणी म्हंजी नवरानवरीला शोभून दिसती." भाभी हसल्या. "पर भारीतलं घेतंय कोन? एक आमच्या शोभावैनी. लेकीच्या सासरी द्यायचं म्हनून दर येळी निवडून नेत्यात. कालच शेवटचा लावून दिला की."

लग्न. दिवाळसण. अधिकमास. मी हिशेब लावत तिथंच पायरीवर बसलो. प्रत्येक वेळी ते पाकीट माझ्याच हातानं, फोटोसाठी हसून, विठ्ठलरावांना दिलं होतं.

घरी धावलो. तर भारीतलं पाकीट तयार झालेलं. आत पैसे, तोंड बंद, वर कुंकवाचं बोट, आणि शोभाच्या पर्समध्ये. मी म्हटलं, जरा इकडे दे. ती म्हणाली, कुंकू लावलेल्या मानाच्या पाकिटाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, वरचा रुपया बदलतो फक्त. तिनं पर्स उशाशी घेतली.

दुसऱ्या दिवशी इंदापूर. अंगणात मांडव, पाव्हण्यांची गर्दी, मामाच्या मांडीवर आमचा नातू केस उतरवून घेताना टाहो फोडतोय. अल्बम माझ्या काखेत, एक खण रिकामा, आणि मला भेटणारा प्रत्येक जण विचारतोय, भरला का? म्हणजे सगळ्या भावकीला माहीत. जेवणाआधी आहेर होणार म्हणून शोभानं अखेर पाकीट माझ्या हातात दिलं. मी पाणी प्यायचं निमित्त काढलं आणि गोठ्याच्या मागे गेलो.

खिशात तार खरवडायचं पातं होतंच. चांदणीच्या जागी लावायला साधा रुपयाही आणला होता. पात्याचं टोक रुपयाखाली घातलं. हलेना. भाभींचा डिंक म्हणजे काय साधासुधा असतो? पाकिटाचा सोनेरी कागद निघाला, रुपया जागेवर. अर्धा रुपया वर आला आणि मागून आवाज आला.

"तसं न्हाय निघायचं ते, व्याहीबुवा."

विठ्ठलराव. डोक्याला फेटा, हातात चहाची किटली.

"वाफंवर धरावं लागतंय," त्यांनी किटली पुढे केली. "डिंक आपसूक सुटतो. मी समदी अशीच काढली."

माझ्या एका हातात पातं, दुसऱ्या हातात फाटकं पाकीट. मी तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आलेले.

"मला सोलायचा तरास नको म्हनून आधीच सोलून देताय व्हय?" ते म्हणाले. "अवो, किती कराल?"

आता आली का पंचाईत? त्या भल्या माणसाला पहिल्या पाकिटापासून वाटत होतं की मी मुद्दाम पाठवतोय. आपला खण मोकळा ठेवून व्याह्याला चांदणी पाठवणारा माणूस! म्हणून तर ते फोन करत होते. ते चिडवणं नव्हतं, आभार होते. मी काही बोललोच नाही कधी, तेव्हा त्यांना वाटलं, केल्याचं बोलून दाखवायची माझी रीत नाही.

मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मान खाली घातली, आणि तीसुद्धा त्यांना नम्रताच वाटली.

मला हाताला धरून त्यांनी मांडवात नेलं. माईक घेतला. कमी बोलणारा माणूस तो, पण त्या दिवशी बोलला. आमच्या व्याह्यांनी शब्द दिला होता, म्हणाले, अल्बम भरून आणीन. चांदणी सापडली, एकदा नाही, चारदा सापडली. चारही वेळा आपला खण तसाच ठेवून त्यांनी ती आमच्याकडे पाठवली. सोयरीक करावी तर अशा माणसाशी. मांडवभर टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यावर टोपी आली, खांद्यावर उपरणं आलं. खिशातलं पातं मांडीला टोचत होतं. मी शोभाकडे पाहिलं, तर तिनं पदर तोंडात धरलेला.

मग विठ्ठलराव आत गेले, आपल्या अल्बममधून एक चांदणीचा अंगठा घेऊन आले. माझा अल्बम उघडला. बाळाच्या चिमुकल्या मुठीत तो रुपया दिला, ती मूठ आपल्या हातात धरली आणि दोघांनी मिळून तो शेवटच्या खणात सरकवला. बाळाचं रडणं थांबलं होतं. माझं सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, आनंदाश्रू. होतेही. असा व्याही आणि असा नातू मिळायला माझ्यात काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो. लासुर्णे मागे पडलं, दोन्ही बाजूंनी ऊस. माझ्या मनातलं ओझं जरा उतरलं होतं. मी शोभाला म्हणालो, "काही म्हन, पर नियम मोडला न्हाय. खण भरला, आनी विकत घेतला न्हाय."

तिनं मांडीवरच्या उपरण्याची घडी घातली.

"विकतच घेतलाय की," ती म्हणाली. "मुमताजभाभीकडनं. घासाघीस करून. साध्या पाकिटापेक्षा जास्त घेत्यात त्या चांदणीच्या पाकिटाला."

मी गाडी हळू केली. म्हटलं, तू घेतलास, मी नाही. नियम माझा होता.

"दर येळी पैसं तुमच्याच शर्टाच्या खिशातनं घेतलं की."

म्हणजे बघा. ज्या एका रुपयासाठी मी दोन वर्षं दोन तालुके पालथे घातले, तो मी दर सणाला विकतच घेत होतो. आणि वर त्यात पाचशे रुपये घालून, हसून फोटो काढून, दुसऱ्याला देऊन येत होतो.